"फार मिसळू नको" हा सल्ला आता पुरे

सीमाभागातनं पोरगं नोकरीला बाहेर निघालं की घरातनं दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, वेळेवर जेव. दुसरा, तिथल्या लोकांत फार मिसळू नको, आपली माणसं धरून राहा. पहिल्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. दुसऱ्याबद्दल मात्र आहे, आणि ते जरा सविस्तर लिहावं असं गेले कित्येक महिने मनात होतं. कारण जून आला की आपल्याकडची नवी पोरं परत गाडीत बसणार, आणि हाच सल्ला परत त्यांच्या पिशवीत भरला जाणार.

मी गेली सात वर्षं वाघोडियात राहतो. बऱ्याच जणांना हे नाव माहीत नसेल. बडोदा शहरातनं पूर्वेला वीसेक किलोमीटर गेलं की हे तालुक्याचं गाव लागतं. एका बाजूला कापूस नि तुरीची शेतं, दुसऱ्या बाजूला जीआयडीसी, म्हणजे आपल्या एमआयडीसीसारखी औद्योगिक वसाहत. जवळ लिमड्याला अपोलो टायर्सचा मोठा कारखाना आणि पारुल विद्यापीठ, पिपरियाला सुमनदीप विद्यापीठ. त्यामुळं गावात बाहेरची माणसं भरपूर. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, राजस्थान, धुळे-नंदुरबार, आणि आता खानापूर, बेळगाव, चंदगडकडचीही पोरं. आकाश स्वच्छ असलं की उत्तरेला पावागड दिसतो. गावाकडच्या सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्याला तेवढा एकच डोंगर आधाराला.

अशा गावात सगळ्यात जास्त काय होत असेल तर निरोप. अप्रेंटिस पोरगं वर्षाचं काम संपवून जातं. काँट्रॅक्टवाला सहा महिन्यात बदलतो. डिप्लोमा, डिग्रीची मुलं परीक्षा संपली की दोन दिवसांत खोल्या रिकाम्या करतात. मी मोजले नाहीत, पण सात वर्षांत मी माणसं पोचवायला स्टेशनवर जितक्या वेळा गेलो तितका गावाकडं सबंध आयुष्यात गेलो नसेन. आणि म्हणूनच सांगतो, दोन वर्षं राहून एखादा जातो तेव्हा त्याला पोचवायला कोण आलंय यावरनं तो इथं कसा राहिला ते बरोब्बर कळतं.

आपल्या पोरांची "आपली खोली" असते. एका खोलीत पाच-सहा जण, सगळे एका-दोन तालुक्यांतले. यात चुकीचं काही नाही. भाडं वाटून जातं, पाळीवरनं रात्री अकराला आलं तरी कुणीतरी भात ठेवलेला असतो, आणि "काय करूलालास रे?" असं विचारणारं एक माणूस घरात असतं. परमुलखात ते ऐकायला मिळणं म्हणजे अर्धं पोट भरणं. पण खोलीचं दार बंद झालं की मग ते बंदच राहतं. खालच्या मजल्यावर कोण राहतं, समोरच्या दुकानदाराला किती पोरं, गावात देऊळ कुठलं, काही पत्ता नसतो. कारखाना, खोली, मोबाईल. दोन वर्षं संपली.

एक घडलेली गोष्ट सांगतो. दिवाळीत सगळी खोली गावी गेली. एका पोराला सुट्टी मिळाली नाही, तो एकटा राहिला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याला ताप भरला. डेंगी होता, हे नंतर कळलं. दोन दिवस तो खोलीत पडून. मोबाईलची बॅटरी गेली, उठून चार्जिंगला लावायची ताकद नाही. खालच्या घरात पंधरा माणसं दिवाळीला जमलेली, अंगणात रांगोळ्या, फटाके. त्यांना वाटलं वरची सगळी पोरं गेली. कारण वर कोण किती राहतात हेच त्यांना कधी कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाई पाण्याची टाकी बघायला वर गेल्या म्हणून तो दिसला. पोरगा वाचला. पण त्या बाईंनी नंतर मला विचारलं ते मी विसरलेलो नाही: "भाई, दीड वर्ष झालं, मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं, असं कसं?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना लाज वाटत होती. खरं तर ती लाज दोन्ही मजल्यांची होती.

आता कुणी म्हणेल, मिसळायला गेलं तर ते घेतात का मिसळून? प्रश्न बरोबर आहे. इथं खोली शोधायला गेलं की आधी विचारतात, नॉनव्हेज खाता का? अंडं चालत नाही, मग मटणाची गोष्टच सोडा. आपल्याकडच्या माणसाला बुधवार आणि रविवार म्हटलं की दुसरं काही सुचत नाही, त्याला हे जड जातं. "तमे केवा?" म्हणजे तुम्ही कोण जातीचे, हेही सरळ विचारतात. (आपल्याकडं सरळ विचारत नाहीत, आडनाव विचारून गप्प बसतात. फरक तेवढाच.) काहींना त्या उत्तरामुळं खोली नाकारली गेलेलीही मी बघितली आहे. तेव्हा इथं सगळं गोडच आहे असं चित्र मला रंगवायचं नाही. गोड फक्त डाळ आहे.

डाळीवरनं आठवलं. गुळाची डाळ हा आपल्या माणसाचा इथला पहिला धक्का. नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात गावाकडं फोन करून एकदा तरी सांगतो की इथं आमटीत गूळ घालतात. दुसरा धक्का भाकरीचा. पाटीवर "भाखरी" वाचून पोरगं हरखून आत शिरतं, आणि ताटात येते गव्हाची, जाडसर, खुसखुशीत, बिस्किटासारखी चकती. ज्वारीची, तव्यावरनं निखाऱ्यावर फुगलेली ती नव्हेच. नाव एक, वस्तू वेगळी. पण गंमत अशी की हाच वाद बोलायला सुरुवात करून देतो. आमच्या कँटीनमध्ये भाकरी कुणाची खरी यावर जेवढी चर्चा झाली तेवढी पगारवाढीवरही झाली नसेल. शेवटी एका सहकाऱ्याच्या आईनं सांगितलं, तुझ्या आईला विचारून पीठ कसं मळतात ते लिहून आण, मी करून बघते. बाजरीचा रोटला त्यांच्या हाताला होताच. ज्वारीची पहिली भाकरी फाटली, चौथी जमली. त्या भाकरीबरोबर मी बेळगावी मिरच्यांचा खर्डा दिला आणि त्या घरातल्या काकांनी तीन ग्लास ताक प्यायलं. त्या दिवसानंतर मला त्या घरात दार वाजवून आत जावं लागलं नाही.

आणि बडोद्याची सेव-उसळ. तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवं, पण थोडक्यात सांगतो. वाटाण्याची पातळ उसळ, वर लाल तरी, जाड शेव, लसणाची चटणी, कांद्याची हिरवी पात, आणि पाव. आपल्या मिसळीची चुलत बहीण. गुजरातीत वाटाण्याच्या रश्श्याला एरवी कुणी उसळ म्हणत नाही. हा शब्द मराठी, आणि "तरी" हाही. गायकवाडांच्या राज्यात मराठी माणसं आली, त्यांच्या चुलीवरनं पदार्थ गल्लीत उतरला आणि गल्लीनं तो आपला केला. आज बडोद्याचा गुजराती माणूस अहमदाबादवाल्याला अभिमानानं सांगतो, सेव-उसळ खायची तर आमच्याकडं. तो मराठीचा पुरस्कार करत नसतो. त्याला भूक लागलेली असते. पण "तरी जरा वधारे नाखजो" म्हणताना तो नकळत आपला एक शब्द सांभाळत असतो. भाकरवडीचंही तसंच. पुण्याची की बडोद्याची, हे भांडण दोन्हीकडच्यांनी खुशाल चालू ठेवावं. तोंडात भाकरवडी असेपर्यंत भांडण फार वाढत नाही.

प्रवासाचंही थोडं सांगायला हवं, कारण मैत्री खोलीत कमी आणि गाडीत जास्त होते. बडोद्याच्या वाघोडिया चौकडीवर, म्हणजे हायवेच्या नाक्यावर, सकाळी सात वाजता उभं राहून बघा. शेअर रिक्षा, इको गाड्या, कंपन्यांच्या बसेस, एसटी. इकोत जितकी माणसं बसायला हवीत त्याच्या दीडपट बसतात. "जरा खसजो ने, भाई," असं म्हणत एक मावशी भाजीची पिशवी तुमच्या मांडीवर ठेवून मोकळ्या. आपल्याकडं खानापूर गाडीत "जरा सरका की हो" म्हणतात, कन्नड बाई असली तर "स्वल्प सरीरी" म्हणते, आणि तिथंही पिशवी आपल्याच मांडीवर येते. रोज त्याच वेळची गाडी धरली की आठवड्यात चेहरे ओळखीचे होतात, महिन्याभरात कोण कुठं उतरतं ते पाठ होतं. एक दिवस तुम्ही दिसला नाहीत तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते. मला इथली पहिली ओळख अशीच मिळाली. लिमड्याला उतरणारे एक वयस्क गृहस्थ, रोज खिडकीजवळ. मी तीन दिवस आजारी होतो, चौथ्या दिवशी म्हणाले, "क्यां हता? तुझी जागा धरून ठेवत होतो." आता कंपनीच्या बसनं जाणाऱ्या पोरांना ही सोय नाही. कानात वायर घालून झोपतात, उतरताना जागे होतात. बस एसी असते हे खरं, पण तेवढ्यासाठी मी तरी आठवड्यातनं दोन दिवस इको सोडत नाही.

एसटी हा शब्द इथंही एसटीच. गुजरातच्या महामंडळाच्या बसला म्हातारी माणसं आपल्यासारखंच "एसटी आवी" म्हणतात. याचं कारण साधं आहे. १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्याचं एकच महामंडळ होतं, राज्य फुटलं तेव्हा बस वाटून घेतल्या, नाव दोघांकडं राहिलं. आणि याहून एक गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावी अशी. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात आलं. बेळगाव जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. म्हणजे साडेसात वर्षं वाघोडिया आणि बेळगाव एकाच राज्यात होते. मी हे आमच्या कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "तो पछी आपणे तो गामवाळा थया!" म्हणजे मग आपण गाववालेच झालो की. नऊशेएक किलोमीटरवरचे गाववाले.

या दोन गावांना जोडणारा खरा माणूस मात्र राज्य पुनर्रचनेच्याही आधीचा. काकासाहेब कालेलकर. साताऱ्यात जन्म १८८५ चा, मूळ गाव सावंतवाडीजवळचं कालेली. १९०८ ला ते बेळगावच्या गणेश विद्यालयात आले, आणि १९१० ला बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक म्हणून गेले. ही शाळा केशवराव देशपांडे यांनी काढलेली. शाळेत घरासारखं वातावरण असावं म्हणून तिथं शिक्षकांना नात्याची नावं दिलेली होती. फडके झाले मामा, हरिहर शर्मा झाले अण्णा, आणि दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर झाले काका. आपण ज्यांना आयुष्यभर काकासाहेब म्हणत आलो, त्यांचं ते "काका" बडोद्यानं दिलेलं आहे. १९१२ मध्ये इंग्रज सरकारच्या दबावानं शाळा बंद पडली, माणसं पांगली, कालेलकर हिमालयात गेले. पण शाळा संपली तरी नातं संपलं नाही. मामा मामाच राहिले, काका काकाच. पुढं तिघेही गांधीजींच्या आश्रमात एकत्र आले. गांधीजींनी आत्मकथेत या नावांची हकीगत सांगितलेली आहे.

मिसळण्याबद्दल बोलताना कालेलकरांना मी मुद्दाम आणलं, कारण त्यांच्या बाबतीत दोन्ही बाजू दिसतात. हा मराठी माणूस गुजरातीत इतका रुळला की गांधीजींनी त्यांना "सवाई गुजराती" म्हटलं. गुजराती शुद्धलेखनाचा जो जोडणीकोश विद्यापीठानं काढला त्यात त्यांचा मोठा वाटा. प्रवासावर त्यांनी गुजरातीत जे लिहिलं ते तिथल्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. त्यांची निम्म्याहून जास्त लेखणी मराठीच्या वाट्याला आली नाही, हेही खरं, आणि मला त्याची चुटपुट आहे. पण हाच माणूस बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीला "सखी" म्हणतो, हिंडलग्याच्या तुरुंगातल्या दिवसांवर मराठीत पुस्तक लिहितो. गुजरातीत गेला म्हणून मार्कंडेय विसरला असं झालं नाही.

तरी भीती असतेच. मिसळलं की मराठी जाईल. पोरं गुजराती बोलायला लागतील, नातवंडांना "आज्जी" म्हणता येणार नाही. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बडोद्यात मी दोन्ही प्रकारची घरं बघितली आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या भागात अशी मराठी घरं आहेत की जी दोनशे वर्षं तिथं आहेत आणि अजून स्वयंपाकघरात मराठी आहे. त्यांची मराठी ऐकायला जरा वेगळी. मधेच "चालेल ने?" येतं, "बेसा" म्हणतात. पण आहे. त्याच गल्लीत अशीही घरं आहेत की आडनाव मोरे, शिंदे, आणि पोराला मराठीत पाणी मागता येत नाही. आता यातला फरक शेजारी किती मिसळले यानं पडलेला नाही. उलट जी घरं गल्लीत सगळ्यांशी बोलतात, गणपतीला शेजारच्या पटेलांना आरतीला उभं करतात, त्यांच्याच पोरांना मराठी येते, असं मला तरी दिसलं. मराठी गेली ती जिथं आईबापांनी घरात पोराशी बोलणं सोडलं तिथं. "शाळेत गोंधळ होईल" म्हणून, किंवा नुसता वेळ नाही म्हणून. भाषा उंबऱ्याच्या आतल्या बोलण्यावर टिकते. बाहेरच्या मैत्रीवर तिचं खापर फोडणं सोपं, पण खोटं.

बडोद्यात साहित्य संमेलन १९०९, १९२१ आणि १९३४ ला झालं. त्यानंतर थेट २०१८ ला. मधली चौऱ्याऐंशी वर्षं संमेलन आलं नाही, तरी मराठी कुठं तरी होतीच ना? ती कुठं होती, याचं उत्तर मला त्या सेव-उसळीच्या गाड्यावर आणि दांडिया बाजारातल्या स्वयंपाकघरांत दिसतं.

इथंच एक गोष्ट साफ सांगून टाकतो, नाहीतर माझंच लिहिणं उचलून कुणी आपल्यावर उगारेल. काही शहाणे म्हणतात, बघा बडोद्याची मराठी माणसं गुजरातेत कशी गुण्यागोविंदानं राहिली, तुम्ही सीमाभागवालेच का रडता? ही तुलना चुकीची आहे. बडोद्याला मराठी माणूस गेला तो राज्यकर्ता, कारकून, शिपाई, शिक्षक म्हणून. तो तिथं गेला. खानापूरचा शेतकरी कुठंच गेला नाही. तो होता तिथंच राहिला, त्याच्या शेतावरनं रेषा गेली. गेलेल्या माणसानं नव्या गावाची भाषा शिकावी हे रास्त. न गेलेल्या माणसाला त्याच्याच गावात सातबाऱ्यासाठी परकं व्हावं लागणं वेगळं. तेव्हा माझी मैत्री सीमाप्रश्नाचं उत्तर नाही. पण सीमाप्रश्न हे मैत्री न करण्याचं कारणही नाही. आणि वाघोडियात तर आपण गेलेलेच लोक आहोत. तिथली भाषा शिकणं हे आपलं काम. त्यात हरल्यासारखं काही नाही. "आवजो" म्हणायला जीभ किती झिजते?

"आवजो" वरनं सांगतो. आपल्याकडं घरातनं निघताना "जातो" म्हटलं तर आई वसकन अंगावर येते. "जातो म्हणू नये, येतो म्हण." गुजरातीत निरोप देणारा म्हणतो "आवजो", म्हणजे या. पुन्हा या. आणि बेळगावात कन्नड शेजारी निघताना म्हणतो "बर्तीनी", म्हणजे येतो. तीन भाषा, त्यांची राज्यं एकमेकांशी कधी नीट बोलली नाहीत, पण निघणाऱ्या माणसाला जाणारा म्हणायचं नाही यावर तिघींचं एकमत. भेटल्यावर पहिला प्रश्नही तिन्हीकडं जेवणाचा. "जेवण झालं काय?", "जमी लीधुं?", "ऊटा आतेन्री?" हे कुठल्या करारात लिहिलेलं नाही, कुठल्या आयोगापुढं मांडलेलं नाही.

असं असताना आताचे निरोप बघून वाईट वाटतं. कंपनीत केक कापतात. केकवर नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. मॅनेजर दोन वाक्यं बोलतात, फोटो होतो, आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करड्या अक्षरात ओळ येते की अमुक ग्रुपमधून बाहेर पडले. संपलं. ज्या माणसाबरोबर तीन वर्षं रात्रपाळी केली त्याच्या जाण्याची नोंद एवढीच. "बाहेर पडले" काय? अरे, "येतो" म्हणून गेला असेल की.

जुन्या पद्धतीत निरोपाला काम असायचं. आपल्याकडं पाव्हण्याला वेशीपर्यंत पोचवायचे. इथं गावाच्या त्या टोकाला पादर म्हणतात, आणि पोचवायला जाणं म्हणजे वळाववा जवुं. प्रवासाला जे खाणं बांधून देतात त्याला म्हणतात भातुं, आपली शिदोरी. गेल्या वर्षी आमच्यातला एक जण, खानापूरकडचाच, पाच वर्षांनी गावी परत निघाला. वडिलांचं वय झालं, शेत बघायला कुणी नाही. त्याला पोचवायला बडोदा स्टेशनवर दहा माणसं आली होती. त्यातली आपली फक्त तीन. बाकी इकोचा ड्रायव्हर, शेजारचे काका-काकी, कँटीनवाला, ओडिशाचे दोन पाळीसोबती, आणि काकींची शाळकरी नात, जिला तो गणित शिकवायचा. काकींनी मेथीचे थेपले आणि छुंद्याची बाटली बांधून दिली. ओडिशाच्या पोरानं स्टेशनवरनंच पाण्याच्या चार बाटल्या घेतल्या, कारण त्याला दुसरं काय द्यावं कळेना. गाडी हलली तेव्हा काकी खिडकीबरोबर दहा पावलं चालत गेल्या आणि म्हणाल्या, "पहोंचीने फोन करजे. शांतिथी जजे." त्याच महिन्यात आणखी एक जण गेला होता. आपल्याच खोलीतला, स्वभावानं चांगला, कामात तर याच्याहून हुशार. दोन वर्षं राहिला. त्याला पोचवायला मी एकटा. रिक्षात तो म्हणाला, "इथं काय ठेवलंय, सगळं सारखंच." मला त्याचा राग नाही आला. त्याला घरातनं जे सांगितलं होतं ते त्यानं इमानदारीनं पाळलं होतं.

म्हणून जूनमध्ये ज्यांची पोरं इकडं येणार आहेत त्या घरांना सांगणं आहे. अजमेर-म्हैसूर किंवा जोधपूर-बंगळूर गाडीनं येतील, ती बेळगाव, मिरज, पुणे करत पाऊण-एक दिवसात बडोद्याला पोचते. खोलीची काळजी करू नका, आम्ही आहोत. पोराला "आपली माणसं धरून राहा" जरूर सांगा, त्याच्यापुढचं अर्धं वाक्य तेवढं गाळा. आणि पिशवीत एक डबा जास्तीचा द्या, खालच्या घरासाठी. बेळगावचा कुंदा दिला तर उत्तम, इथल्या लोकांना गोडाचं सांगावं लागत नाही. फक्त झाकण दोरीनं घट्ट बांधून द्या आणि डबा सुरतेच्या आत उघडायचा नाही असं बजावून सांगा. मागच्या दोन खेपांना तो मिरजेतच संपला होता.